ग्वांगल्लीची गिटार

६ मे, बुसान

संध्याकाळभर ग्वांगल्लीच्या वाळूत बसून ‘से सू मी’ ऐकलं. त्यांची तालमीची खोली याच किनाऱ्याजवळची, म्हणून त्यांच्यावर ‘सर्फ रॉक’ हा शिक्का लवकर बसला. २०१२ साली बुसानमध्येच हा बँड जमला. कोरियात इंडी म्हटलं की सोलमधलं होंगडे. नाव करायचं तर तिकडे जायचं, अशी रीतच. हे इथेच राहिले. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

७ मे

आज फक्त बँडचा गिटारवादक किम ब्योंग-ग्यू याच्या गिटारकडे कान. तिचा सूर ओला वाटतो तो स्प्रिंग रिव्हर्बच्या धाटणीमुळे. खऱ्या स्प्रिंग रिव्हर्बमध्ये पत्र्याच्या चौकटीत बारीक स्प्रिंगा ताणलेल्या असतात. गिटारच्या आवाजाने त्या थरथरतात, ती थरथर टोकाला जाऊन परतते आणि मूळ सुरात मिसळते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात डिक डेलसारख्या वादकांनी सर्फ संगीत घडवलं ते वेगावर आणि जोरावर. ब्योंग-ग्यूने त्यातली ओल ठेवली, घाई काढून टाकली. चाल साधी, सहज गुणगुणता येईल अशी. एकेक सूर सुटा. मागचा विरेपर्यंत पुढच्याला धीर असतो. गायिका चोई सू-मी गाते तेही जवळजवळ बोलल्यासारखं, आवाज न चढवता. ती थांबते तिथे गिटार तिचं वाक्य पुरं करते. दोन कडव्यांमधल्या त्या तुकड्यासाठी मी गाणं पुन्हा मागे नेते.

८ मे

‘ओल्ड टाऊन’. सगळे गाव सोडून गेलेत; मागे उरलेल्याला राहायचंही आहे आणि निघायचंही. एवढ्या जड गोष्टीला त्यांनी केवढी उजळ चाल दिली आहे! २०१९च्या कोरियन म्युझिक अवॉर्ड्समध्ये मॉडर्न रॉक विभागात या गाण्याचा गौरव झाला, तो अगदी रास्त.

हे गाणं २०१८च्या ‘व्हेअर वी वेअर टुगेदर’ अल्बममधलं. त्याआधी, २०१६ मध्ये, त्यांचा ड्रमर कांग से-मिन अपघातात गंभीर जखमी झाला होता. त्याच्या नावाने त्यांनी ‘सेमिन’ हा छोटा संग्रह काढला. २०१९ मध्ये से-मिन गेला. हे कळल्यावर अल्बमचं नाव वाचताना घसा दाटतो. तरी गिटार कुठेही गळा काढत नाही. तिचा आनंद खरा आहे, दुःखही खरं आहे, आणि दोन्ही एकाच तारेवर वाजतात. या बँडवर माझा जीव जडला तो यासाठी.

११ मे

घरी गिटार काढून ‘ओल्ड टाऊन’ची चाल बसवली. बोटांना अवघड काहीच नाही. अवघड आहे ते दोन सुरांमधली जागा तशीच मोकळी सोडणं. हात आपोआप भरायला धावतो. उद्या त्यांचा २०२२चा अल्बम ‘द लास्ट थिंग लेफ्ट’, हेडफोनवर नाही, मोठ्या स्पीकरवर.