खोली आमची, दर कुणाचा?

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून गोव्याला जाणारी बरीच माणसं सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे मुक्काम शोधतात. म्हणून बांद्यात घरामागच्या दोन खोल्यांचा होमस्टे केला आणि एका पोर्टलवर नाव घातलं. खोलीचे दोन हजार, कमिशन वीस टक्के, हाती सोळाशे. थेट फोन करणाऱ्याला मी सतराशे सांगू लागलो. त्याचे तीनशे वाचतात, मला शंभर जास्त सुटतात. तर पोर्टलवाल्याचा फोन: "सर, आमच्यापेक्षा कमी रेट कुणालाच देता येणार नाही. करारात आहे."

आई ऐकत होती. "खोली आमची, मगे दर त्येनी कित्याक ठरवचो?"

मला उत्तर देता येईना. सावंतवाडीच्या वकिलांनी सांगितलं, ह्याला रेट पॅरिटी म्हणतात आणि त्यावर मोठी लढाई झालेली आहे. हॉटेलवाल्यांच्या महासंघाने तक्रार केली, 2019 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी लावली, ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटींचा दंड ठोठावला. पण अट काढायला सांगितली ती इतर पोर्टलांपुरती. मग माझ्या फोनवरच्या गिऱ्हाइकाचं काय?

त्याचं उत्तर मला युरोपात सापडलं. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने 2015 मध्येच बुकिंग डॉट कॉमला बजावलं, हॉटेलला स्वतःच्या वेबसाइटवर स्वस्त विकण्यापासून अडवता येणार नाही. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. आता तर युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट आहे. मे 2024 मध्ये बुकिंगला त्याखाली 'गेटकीपर' ठरवलं. अशा कंपनीला ही अट, थेट विक्रीसाठीसुद्धा, घालताच येत नाही. हा नियम मोडला तर जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे आधी वर्चस्व सिद्ध करायचं, मग गैरवापर. मेकमायट्रिपच्या प्रकरणात त्यात तीन वर्षं, म्हणजे कोकणातले तीन मे महिने गेले. लहान धंदा तेवढा दम कुठून धरणार? मोठ्या कंपन्यांना आधीच नियम घालणारा मसुदा इथेही मार्च 2024 मध्ये आला. तो कायदा व्हायलाच हवा.

एक गोष्ट मात्र अजून उलगडत नाही. दोन्हीकडचे नियम बलाढ्यांनाच बांधतात. तीच अट माझ्या ह्या लहानशा पोर्टलने घातली, तर मी कुणाकडे जायचं?