दाराजवळची खुर्ची

पोलीस ठाण्याच्या आवारातली आमची समुपदेशनाची खोली इतकी लहान, की समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागतो. म्हणून मी खुर्च्या टेबलाच्या कोपऱ्याशी तिरक्या मांडते आणि दाराजवळची आलेल्या बाईला देते. घरात मार खाल्लेल्या बाईला बाहेरची वाट मोकळी दिसावी लागते. मुंबईत १९८४ साली टाटा समाज विज्ञान संस्था आणि पोलिसांनी मिळून अशा बायकांसाठी पहिला स्पेशल सेल उघडला. पुढे तो राज्यभर पसरला, पण जागेची अडचण बहुतेक ठिकाणी तशीच आहे.

बाई रडायला लागली की आमच्याकडे फील्डवर्कला आलेल्या विद्यार्थिनी उठून तिला जवळ घेतात. मन चांगलंच असतं. पण पदराखाली वळ असतात, थोपटलं तर कळ येते. आणि ती ‘नको’ म्हणणार कशी? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याखाली डीआयआर, म्हणजे घटनेचा अहवाल, लिहिणाऱ्या आम्ही, नवऱ्याला बोलावून घेणाऱ्याही आम्हीच. जिच्या हातात कागद, तिला ‘हात काढा’ कोण म्हणेल? मी मुलींना सांगते, आधी पाणी द्या, गप्प बसा, मग विचारा, “हात धरू का?”

अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या आचारसंहितेत स्पर्शावर वेगळं कलम आहे. मानसिक इजा होण्याची शक्यता असेल तिथे स्पर्श नको, असं ते म्हणतं. कवटाळणं, कुरवाळणं ही उदाहरणंही देतं. सरसकट बंदी नाही, हे मला पटतं. निघताना बाई पाया पडायला वाकली तर काय करायचं, ते मात्र आमचं आम्हीच ठरवायचं. मी चटकन उभी राहते आणि हात जोडते. कुणी आपणहून मिठी मारली तर झटकत नाही, पण तिने हात सैल केले की माझेही सुटतात.

खरी पंचाईत राखीची. आमच्या एका सहकाऱ्याला एका बाईने घरी बोलावलं. नाही म्हणावं तर तिचा अपमान, गेलं तर भाऊ झालात! सेलमध्ये बराच वाद झाला. शेवटी राखी ऑफिसात, सगळ्यांसमोर बांधायची आणि ओवाळणी द्यायची नाही, असं ठरलं. तरी तिचे रात्री-अपरात्री फोन सुरू झाले. भावाला फोन करायला वेळ कसली पाहायची, हे तिचं म्हणणं. केस माझ्याकडे आली. पहिल्या भेटीत ती माझ्याशी धड बोललीच नाही.