शिट्टी आणि सही

शिट्टी ही मोठी निःपक्षपाती वस्तू आहे. ती बाईने वाजवली काय नि बुवाने वाजवली काय, खेळ थांबतोच! सहीचे मात्र तसे नाही. जिमखान्याच्या कागदावर कोणाची सही चालायची याचे नियम कोठे छापलेले नसतात, आणि तरीही ते सर्वांना तोंडपाठ असतात.

मी १९८३ साली पुण्यातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून लागले. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर व्हायचे, मुलींकडून खो-खो, कबड्डी करून घ्यायची, सामन्यांसाठी संघ घेऊन कधी नगर तर कधी नाशिक गाठायचे, आणि रात्री उतरायच्या जागी दाराला आतून कडी घालून मुलींच्या शेजारीच अंथरूण पसरायचे, असा माझा क्रम. "मुलींचं काय ते बाई बघतात," असे सारे कौतुकाने म्हणत. या 'बघण्या'त मोठी मेख आहे. बाई बघते, सांभाळते. पुरुष चालवतो, ठरवतो. मुलींना नवे बूट घ्यायचे की नाही हे ज्या बैठकीत ठरे, तिच्या दाराशी माझे 'बघणे' संपत असे.

१९९७ साली विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. मुलाखतीत एका सद्गृहस्थांनी अगदी मायेने विचारले, "संघ घेऊन परगावी जावं लागेल. घरचं कसं करणार?" मी चौदा वर्षे जातच होते! माझ्यानंतर आत गेलेल्या उमेदवारांची दोन्ही मुले लहान होती; त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नाही, असे त्यांनीच मला बाहेर आल्यावर सांगितले. जागा त्यांना मिळाली. नोकरीत ते माझ्याहून आठ वर्षांनी धाकटे. पण माणूस सज्जन. पहिल्याच आठवड्यात पात्रतेचे फॉर्म कसे भरायचे ते माझ्याकडून शिकून घेतले, आणि आभारही मानले.

आता तुम्ही म्हणाल, हा आपल्याकडचा जुनाट प्रकार. पुढारलेल्या अमेरिकेत असे थोडेच असेल? निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी तिकडची हकीकत वाचून काढली, आणि ती मोठी चमत्कारिक निघाली. १९७२ साली तेथे 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, असा त्याचा अर्थ. त्यामुळे खेळणाऱ्या मुलींची संख्या झपाट्याने वाढली. पण त्याआधी कॉलेजातील मुलींच्या संघांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक संघांना शिकवायला बायका होत्या, आणि मुलींचे वेगळे क्रीडाविभागही बहुतेक बायकांच्याच हाती होते. कायद्यानंतर दोन्ही विभाग एक झाले. दोन प्रमुखांपैकी एकच उरायचा, आणि उरले ते बहुधा पुरुष. बाई झाल्या दुय्यम. मुलींच्या खेळात पगार येऊ लागला, तसे पुरुष उमेदवारही येऊ लागले. बायकांनी चालवलेली 'ए. आय. ए. डब्ल्यू.' ही देशव्यापी संघटना होती; १९८१-८२ पासून पुरुषांच्या बलाढ्य 'एन. सी. ए. ए.'ने मुलींच्याही मोठ्या स्पर्धा भरवायला घेतल्या, आणि ती संघटना मोडली.

व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कारपेंटर या दोन प्राध्यापिकांनी वर्षानुवर्षे याची मोजदाद ठेवली. २०१४ साली मुलींच्या संघांना बाई शिक्षिका होत्या त्या शेकडा त्रेचाळीस, आणि क्रीडासंचालक बायका शेकडा बावीसच्या आसपास. म्हणजे मुली मैदानात आल्या आणि बाई कचेरीतून बाहेर गेल्या! अपवाद होतेच. ज्युडी स्वीट या १९७५ साली सॅन दिएगो येथील विद्यापीठात स्त्री-पुरुष दोन्ही खेळांच्या प्रमुख झाल्या, आणि १९९१ साली त्याच 'एन. सी. ए. ए.'च्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. आपल्याकडेही २०२२ साली पी. टी. उषा भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. पण एका शिखराकडे बोट दाखवून पायवाट झाली असे म्हणता येत नाही.

हे सारे आज आठवायचे कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी. कबड्डीत चढाईला गेली की रिकाम्या हाताने परत न येणारी. पदवीला पदवी जोडून ती आता एका महाविद्यालयात आहे. गेल्या महिन्यात घरी आली नि म्हणाली, "बाई, विभागाचा तात्पुरता कार्यभार घ्या म्हणतात. मुलगी दहावीला आहे. घेऊ का?"

मी तिला सांगितले, "घे. पण आधी विचार की अंदाजपत्रक कोण करणार, मैदानाच्या वेळा कोण ठरवणार, निवडसमितीत कोण बसणार. हे तिन्ही तुझ्याकडे असेल तर तो कार्यभार. नसेल तर नुसताच भार. आणि उत्तर काय मिळतं ते लेखी घे."

"आणि घरचं?"

"ते तुझ्या यजमानांना विचार. त्यांनाही आयुष्यात एकदा कोणीतरी विचारायला हवं."

ती हसली. परवा तिचा फोन आला होता. तीनपैकी दोन गोष्टी लेखी मिळाल्या आहेत. तिसरीसाठी तिचे भांडण चालू आहे.