मस्तानीचा ग्लास

मस्तानी म्हणजे दाट मिल्कशेकने भरलेला उंच ग्लास आणि त्याच्या तोंडावर बसवलेला आइस्क्रीमचा गोळा. वर काजू-बदाम-पिस्त्याचे काप आणि बऱ्याच ठिकाणी एखादी लाल चेरी. हे पेय आहे की आइस्क्रीम, हा प्रश्न पुण्यात कोणाला पडत नाही. मस्तानी आधी चमच्याने खायची असते आणि मग प्यायची असते. नाव पहिल्या बाजीरावाच्या मस्तानीचे, जिच्या नावाचा दरवाजा शनिवारवाड्याला आजही आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता आणि तुळशीबागेच्या परिसरात कावरे ही मस्तानीची जुनी ठिकाणे. पुण्याबाहेर राहायला गेलेला माणूस परत आला की घरी बॅग टाकून यांपैकी एखाद्या दुकानाकडे वळतो.

आइस्क्रीमच्या दुकानातला सगळा अनुभव एका गोष्टीभोवती फिरतो: आइस्क्रीम थांबत नाही. गार झालेला चहा पुन्हा उकळता येतो, मिसळीवर गरम रस्सा घालून घेता येतो. वितळलेले आइस्क्रीम मात्र पुन्हा गोठवले तर त्यात बर्फाचे मोठे कण धरतात आणि ते जिभेला कचकचीत लागते. म्हणून कोन हातात घेतलेला माणूस बोलता बोलता सारखा कोनाकडे बघतो. लहान मुलाच्या कोपरापर्यंत ओघळ जातो आणि आई रुमाल शोधते. कपाच्या तळाशी उरलेले पातळ, अतिगोड दूध बहुतेक जण तसेच टाकून देतात. मस्तानीत यातले काहीच होत नाही. गोळ्याचा जो भाग सुटतो तो खालच्या दुधात उतरतो आणि ते दूध आणखी दाट, आणखी गार करतो. आइस्क्रीमचे वितळणे म्हणजे नुकसान, हा हिशेबच या ग्लासात बदलून जातो. मस्तानीपुढे बसलेली माणसे निवांत दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

दुकानात जाऊन आइस्क्रीम खाणे अंगवळणी पडण्याआधी ते घरी, पॉटमध्ये व्हायचे. लाकडी बादली, मधोमध धातूचा डबा, त्यात आटवलेले दूध, साखर आणि आमरस. भोवती लादी फोडून भरलेला बर्फ आणि त्यावर मूठमूठ खडे मीठ. साधा बर्फ शून्य अंशाला वितळतो. मीठ पडले की तो त्याहून कमी तापमानाला वितळू लागतो. मिठाचे प्रमाण नेमके जमले तर हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकते. वितळायला लागणारी उष्णता बर्फ डब्यातल्या दुधातून ओढून घेतो आणि दूध गोठते. म्हणजे आइस्क्रीम जन्माला येते तेच मुळी बर्फाच्या वितळण्यातून. दांडा फिरवायला आळीतली सगळी मुले हजर असत. सुरुवातीला तो हलका फिरे, अर्ध्या-पाऊण तासाने जड होई आणि मग घरातल्या मोठ्या माणसाला पुढे व्हावे लागे. दांडा हलेनासा झाला की आइस्क्रीम झाले. दुसरे मोजमाप नव्हते. डब्यातून काढलेली लाकडी पाती चाटायला कोणाला मिळणार यावरून भांडणे होत. त्या घाईत बादलीतले खारे पाणी आत गेले तर साऱ्या मेहनतीवर पाणी पडे. ज्यांनी तो दांडा फिरवला आहे ती माणसे आज दुकानाबाहेर वीस मिनिटे उभी राहूनही कुरकुरत नाहीत. आइस्क्रीमच्या आधी वाट बघायची असते हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे.

गर्दी खरी सुरू होते ती रात्रीच्या जेवणानंतर. एप्रिल-मे महिन्यांत साडेनऊच्या सुमाराला फुटपाथ भरून माणसे रस्त्यावर येतात. गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, काउंटरवर सरकवायची. फलकावर मँगो, पिस्ता, केशर, रोझ, सीताफळ, चॉकलेट अशी यादी असते. बराच वेळ ती वाचून गिऱ्हाईक शेवटी गेल्या वेळचीच मस्तानी मागते. यात कल्पनाशक्तीचा तोटा नाही. ओळखीच्या चवीकडे परत जाणे हा या दुकानांतला मोठा आनंद आहे, आणि त्यासाठीच माणसे शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतात.

काउंटरपलीकडचे काम बघण्यासारखे असते. ग्लासांची रांग लागलेली असते. शेक ओतताना हात काठाच्या दोन बोटे खाली थांबतो. स्कूप पाण्यात बुडवून आइस्क्रीमच्या डब्यावरून ओढला जातो, गोळा वळतो आणि ग्लासाच्या तोंडावर असा ठेवला जातो की निम्मा दुधात, निम्मा काठाला टेकून. शेक पातळ असेल तर गोळा तळाशी जायला बघतो. दाट असेल तर तरंगत राहतो. जुनी गिऱ्हाइके चव घेण्याआधी हे एवढेच पाहतात.

खाण्यालाही क्रम आहे. पहिले दोन चमचे वरच्या गोळ्याचे, सुक्या मेव्यासकट. ते काहीसे कमी गोड लागतात, कारण अतिथंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. आइस्क्रीममध्ये साखर भरपूर असते, त्याचे एक कारण हे. पुढचे चमचे गोळ्याच्या कडेचे, जिथे आइस्क्रीम आणि दूध यांची सीमा पुसट झालेली असते. मस्तानीचा सर्वांत चांगला भाग हा. नंतर स्ट्रॉ. 1 जुलै 2022 पासून देशभर प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली आणि कागदी स्ट्रॉ आली. दाट शेकमध्ये ती भिजून मऊ पडते, चपटी होते, आणि मग गिऱ्हाईक ती बाजूला ठेवून ग्लास सरळ तोंडाला लावते. वरच्या ओठावर दुधाची मिशी उमटते आणि पन्नाशीचे गृहस्थ समोरच्या नातवासारखे दिसू लागतात. शेवटचा घोट सगळ्यांत गोड असतो; तोवर दुधाचा गारवा थोडा उतरलेला असतो.

आत टेबले थोडी, त्यामुळे बसायला मिळाले तर मिळाले. नाहीतर दुचाकीचे सीट हेच टेबल. तिघांत एक मस्तानी आणि तीन चमचे हेही नेहमीचे दृश्य. पूर्वी ती काटकसर होती, आता बरेचदा साखर सांभाळणाऱ्यांची तडजोड असते. डॉक्टरांनी गोड बंद केलेला माणूस ‘मला नको, दोनच चमचे’ म्हणतो आणि बाकीचे न मोजता त्याच्याकडे ग्लास सरकवतात. परीक्षेचा निकाल, पहिला पगार, मुलगी बघायला आलेल्या घरचा होकार या सगळ्या गोष्टी इथे फुटपाथवर साजऱ्या झालेल्या आहेत. दुकानाला त्याची खबरही नसते. त्याच्या लेखी तो चिठ्ठीवरचा एक मँगो आणि दोन पिस्ता.

‘पूर्वीची चव राहिली नाही’ हे वाक्य प्रत्येक जुन्या दुकानाला ऐकावे लागते. ते निव्वळ आठवणींचे लाड म्हणून सोडून देऊ नये. भारतात आइस्क्रीम म्हणवणाऱ्या पदार्थात किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो, आणि एका लिटरचे वजन 525 ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. त्याहून हलके म्हणजे त्यात हवाच जास्त. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरले तर त्याला फ्रोझन डेझर्ट म्हणावे लागते. दुधाचा स्निग्धांश तोंडाच्या उष्णतेने विरघळून जातो. काही वनस्पतीजन्य स्निग्ध पदार्थ मात्र टाळूवर थर धरून राहतात. हा फरक आकडे न वाचताही जुन्या गिऱ्हाइकाला कळतो. त्याची तक्रार दुकानाने ऐकावी. ज्याला चवीचे देणेघेणे नाही तो तक्रार करत बसत नाही.

वितळण्याशी प्रत्येक गावाने आपापला समझोता केलेला आहे. मुंबईत चर्चगेटला, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तम हे 1953 पासूनचे दुकान आइस्क्रीमची जाड वडी दोन पातळ बिस्किटांमध्ये धरून देते. सुटलेले आइस्क्रीम बिस्किटे शोषून घेतात, मऊ पडतात, आणि शेवटच्या घासाला बिस्कीट कुठे संपले ते कळत नाही. खाणारा तिथून मरीन ड्राइव्हकडे चालू लागतो आणि कठड्याशी पोचेपर्यंत हातात फक्त कागद उरतो. पुणेकर ग्लास घेऊन एका जागी थांबतो, मुंबईकर चालता चालता संपवतो.

मस्तानीला पार्सल मानवत नाही. शेक एका ग्लासात, गोळा वेगळ्या डब्यात अशी सोय काही ठिकाणी करून मिळते, पण सिग्नल, गर्दी आणि दोन जिने ओलांडेपर्यंत व्हायचे ते होतेच. तरी रोज रात्री पार्सले जातात, कारण घरी कोणीतरी जिना न उतरू शकणारे असते. एके काळी पॉटचा दांडा शेवटी ज्यांच्या हातात दिला जाई, त्यांतलेच कोणीतरी. त्यांच्यासाठी आणलेल्या ग्लासात गोळा उरलेला नसतो. केशरी, दाट, गार दूध असते आणि तळाशी बदामाचे चार काप. ते दूध वाटीत ओतून, गुडघ्यावर टॉवेल पसरून, त्यांना चमच्या-चमच्याने दिले जाते.