चिमूरच्या रानांतील मृगया

नागपुराहून उमरेड मागें टाकून दक्षिणेकडे निघालें म्हणजे धानाच्या बांध्या, तुरीचीं शेतें आणि त्यांच्या पलीकडे सागाचें रान अशा क्रमानें चिमूरचा मुलूख लागतो. चिमूर म्हटलें कीं वाचकांस १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव आणि श्रीबालाजीची घोडायात्रा आठवते. आम्हांस मात्र आज तेथील मृगयेविषयीं दोन शब्द लिहावयाचे आहेत.

मृगयेविषयीं आपल्या पूर्वजांचें एकमत नव्हतें. मनूनें राजाच्या कामज व्यसनांत तिला पहिलें स्थान दिलें. कौटिल्यानें तिच्यांत व्यायामाचा गुण पाहिला. आणि शाकुंतलांत सेनापति तिची स्तुति करीत असतां विदूषक तिला कंटाळून जातो. या माळांवरील तितराशीं तर आपलें जुनें नातें आहे. याज्ञवल्क्यानें ओकलेले वेद शिष्यांनीं तित्तिर पक्षी होऊन टिपले, म्हणून ती शाखा तैत्तिरीय, असें पुराणें सांगतात. हाच पक्षी फासेपारधी पाळलेल्या तितराच्या हांकेनें फाशांत ओढीत. लावाही त्यांच्या जाळ्यांतून सुटत नसे. पारध्याची शिकार पोटासाठीं होती. संस्थानिक आणि गोरे साहेब यांची मचाणावरील शिकार हौसेसाठीं. रानाचा मोठा घात झाला तो दुसरीनें.

चिमुरास लागून असलेल्या ताडोबांत १९३५ सालीं शिकार बंद झाली. पुढें १९५५ सालीं तेथें सुमारें ११६ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९९५ सालीं अंधारी अभयारण्यासह तो व्याघ्रप्रकल्प ठरला. १९७२ च्या कायद्यानें तर तितर-लाव्यांसही अभय मिळालें. तरी सर्वांचें नशीब सारखें नाहीं. वाघ वाढला, पण वरोरा-भद्रावतीकडील माळांवरचा माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. त्यास बंदुकीहून अधिक जाचली ती माळांची नांगरट आणि विजेच्या तारा. बंदूक काढून घेतली म्हणजे रक्षण झालें असें नव्हे. पक्ष्यास राहावयास गवतही हवें.

आतां दुसरी बाजू. उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचावयास आणि तेंदूचीं पानें तोडावयास पहांटे रानांत जाणारी स्त्री सायंकाळीं परत येईलच अशी खात्री तिच्या घरच्यांस नसते. रानडुकरें रात्रींत उभें पीक लोळवितात. मग कोणी चोरून कुंपणांत वीज सोडतो आणि तींत डुकराबरोबर वाघही मरतो, क्वचित् माणूसही. हा अपराध आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं असलेली हतबलता पाहिल्यावांचून न्याय पुरा होत नाहीं.

कोलारा किंवा नवेगांव फाटकांतून गाडींत बसून वाघ पाहावयास येणाऱ्या आम्हां शहरवासीयांस अहिंसेचा उपदेश फार सोपा आहे. तिचें मोल भरतो तो तेथील शेतकरी. आश्रममृगास मारूं नये असें दुष्यंतास सांगणारे तपस्वी स्वतः त्या मृगांच्या सहवासांत राहत होते. आम्हांस ती योग्यता नाहीं. निदान त्या शेतकऱ्याच्या नुकसानीची भरपाई वेळेवर त्याच्या हातीं पडते कीं नाहीं एवढें तरी आम्हीं विचारावें, आणि मगच वाघाच्या गोष्टी मुलांस सांगाव्या.