परक्याचे घर आणि आपली मोटार

सेवानिवृत्तीचे पहिले वर्ष विश्रांतीत जाते आणि दुसरे कंटाळ्यात, असा आमचा अनुभव आहे. तिसऱ्या वर्षी आम्ही व आमच्या कुटुंबाने पाठीवर एकेक पिशवी टाकून महाराष्ट्र पाहावयास निघावे असे ठरविले. चिखलीचे भाड्याचे बिऱ्हाड मोडले. चिरंजीव पुण्यास बोलावीतच होते. जावयाचे खरे, परंतु तत्पूर्वी तीन महिने आपल्या मनाप्रमाणे हिंडावयाचे, असा बेत केला. वाहन म्हणून बारा वर्षांची जुनी मोटार होती. पैठण, नाशिक, कोल्हापूर, पंढरपूर अशी प्रदक्षिणा करून आम्ही पुन्हा आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आलो. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा, उल्कापाताने झालेले सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे लोणारचे विवर आणि शेवटी शेगाव, ही स्थळे घराजवळची म्हणून आजवर मागे पडली होती. ती पाहिली आणि प्रवास संपविला.

आता दोन प्रश्न उरले. पुण्यास मोटार ठेवावयास जागा नाही, सबब ती विकणे भाग होते. आणि तिची नोंद बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयातील असल्याने ती याच जिल्ह्यात विकणे सोयीचे होते. परंतु ती विकली जाईपर्यंत राहावयाचे कोठे?

आमच्या पुतण्याचा मुलगा सध्या ऑस्ट्रेलियात हिंडत आहे. त्या देशाने २०२४ पासून अठरा ते तीस वर्षांच्या भारतीय तरुणांस काम करीत प्रवास करण्याचे परवाने सोडत काढून द्यावयास प्रारंभ केला. ते वर्षाला एक हजार असतात. त्यांपैकी एक याच्या वाट्यास आला. तो कळवितो की, तिकडचे तरुण प्रवासी दोघे-तिघे मिळून जुनी मोटार घेतात, तीतच निजतात, आणि मायदेशी परतण्याच्या सुमारास एखाद्या परगावी गेलेल्या गृहस्थाचे घर राखतात. कुत्र्यास खाऊ घालावयाचे, बागेस पाणी द्यावयाचे, त्याबद्दल भाडे नाही. आणि तेवढ्या अवधीत मोटारीस गिऱ्हाईक पाहावयाचे. आम्हांस प्रथम हसू आले. आपल्या एकत्र कुटुंबात घरास कुलूप लावण्याची वेळच येत नसे. एक भाऊ काशीस गेला तर दुसरा ओटीवर असे. आता मुले चार दिशांस पांगली आणि मोठमोठे वाडे राखणदाराच्या शोधात आहेत.

योगायोग असा की, मेहकरचे आमचे एक बालस्नेही सपत्नीक दोन महिने कन्येकडे जावयाचे होते. त्यांनी आम्हांस आग्रहाने बोलाविले. पैनगंगेच्या काठचे हे गाव १८८८ साली भूमीत सापडलेल्या शारंगधर बालाजीच्या भव्य मूर्तीमुळे प्रसिद्ध आहे. स्नेह्यांचा वाडा देवळापासून फार दूर नाही. देवघरातील पूजा, अंगणातील तुळस, एक लिंबाचे झाड आणि एक म्हातारी मांजर एवढे आमच्या हवाली झाले. निघताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खुंटीस अडकविला आणि म्हणाले, "कोठीही उघडी आहे, कपाटही उघडे आहे. तुम्ही असल्यावर कुलूप कशाला?"

या एका वाक्याने आम्ही जितके बांधले गेलो, तितके कोणत्याही करारपत्राने गेलो नसतो. झाडावरचे लिंबू हवे झाले तरी आम्ही गळून पडलेलेच उचलीत असू. कपाट आम्ही एकदाही उघडले नाही.

मोटारीची कथा मात्र निराळी. प्रवासाच्या अखेरीस मलकापूरहून बुलढाण्यास येताना राजूरच्या घाटात तिचे पाणी उकळून वाफ निघाली होती. मिस्त्रीने पाहून सांगितले, "हेडचे गॅस्केट गेले आहे. सपाटीवर चालेल, चढ लागला की तापेल." एका दलालाने आम्हांस सल्ला दिला की, नवे पाणी भरा, गिऱ्हाइकास सकाळी थंड इंजिनावर गाडी दाखवा, आणि विचारल्यावाचून काही सांगू नका. "मास्तर, जुन्या गाडीचा व्यवहार असाच असतो."

मोताळा तालुक्यातील एक तरुण शेतकरी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने आला. त्याने मोटारीभोवती दोन फेऱ्या घातल्या, आसनावरून हात फिरविला आणि म्हणाला, "गुरुजी, मले इंजिनातलं काही समजत नाही. तुम्ही मास्तर मानूस; तुम्ही म्हनसान तेच खरं." किंमत पंचाऐंशी हजार ठरली. पाच हजार इसार त्याने आमच्या हातावर ठेवला. आम्ही म्हणालो, "गाडी चांगली आहे." हे वाक्य अगदीच खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. जाता जाता तो म्हणाला की, आईस आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बुलढाण्यास न्यावे लागते, एस.टी.त तिला बसवत नाही. मोताळ्याहून बुलढाणा म्हणजे राजूरचाच घाट. आम्ही गप्प राहिलो.

त्या रात्री सौभाग्यवतींनी जेवण वाढले, पण त्या बोलल्या नाहीत. शेवटी ताक वाढताना म्हणाल्या, "अहो, दुसऱ्याच्या झाडाचे लिंबू तोडायला तुमचा हात धजत नाही. मग त्या पोराचा विश्वास कसा घेतलात?"

आम्हांस झोप आली नाही. कौटिल्याचे अर्थशास्त्र आम्ही पाठशाळेत असताना थोडे वाचले होते. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेल्या वस्तूचे नियम आहेत, आणि थोडे पुढे खरेदी-विक्रीनंतर पश्चात्ताप झाल्यास व्यवहार फिरविण्याचेही आहेत. व्यापाऱ्यास एक रात्र, शेतकऱ्यास तीन रात्री, गुराख्यास पाच रात्री, अशी मुदत त्याने घालून दिली आहे. ज्यास मालाची पारख रोजची, त्यास मुदत थोडी. ज्यास ती नाही, त्यास अधिक. दोन हजार वर्षांमागच्या त्या व्यवहारज्ञ पुरुषास जे कळले, ते छत्तीस वर्षे मुलांस सत्याचे धडे घोटविणाऱ्या आम्हांस एका दुपारी विसरले! खुंटीवरच्या किल्ल्या आणि खिशातला इसार या दोन्ही ठेवीच होत्या. एक आम्ही जपली, दुसरी खर्ची घातली.

पहाटे उठून आम्ही त्या तरुणास दूरध्वनी केला व घाटातील प्रसंग सांगितला. पलीकडे काही वेळ शांतता होती. मग तो एवढेच बोलला, "गुरुजी, काल काऊन नाही सांगितलं?" आजवर वर्गात आम्ही शेकडो मुलांस हाच प्रश्न विचारला होता. आम्हांस उत्तर देता आले नाही. इसार परत नेण्यास आम्ही त्यास सांगितले.

तो आला, पण इसार परत नेण्यास नव्हे. "गाडी लागतेच. दुरुस्त करून द्या," म्हणाला. मेहकरच्या मिस्त्रीकडे आठ दिवस इंजिन उघडून पडले होते. चौदा हजार रुपये लागले, ते आमचे. पुढे आम्ही दोघे राजूरचा घाट मोटारीने चढलो. तो चालवीत होता, आम्ही तापमानाच्या काट्याकडे पाहत होतो. काटा मध्यावरून हलला नाही. वर पोहोचल्यावर त्याने प्रथमच हसून आमच्याकडे पाहिले.

तेथूनच परिवहन कार्यालयात जाऊन हस्तांतरणाचे एकोणतीस व तीस क्रमांकाचे अर्ज दाखल केले. वाचकांनी हे काम दलालावर किंवा उद्यावर टाकू नये. मोटार वाहन कायद्यान्वये, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत ती कळवावयाची असते. नोंद बदलली नाही आणि मागाहून अपघात घडला, तर भरपाईचे दायित्व नोंदीतील मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

त्याच आठवड्यात स्नेही परत आले. किल्ल्यांचा जुडगा खुंटीवर होता तेथेच होता. त्यांनी कपाट उघडून पाहिले नाही, आणि आम्हीही काही बोललो नाही. मोटारीची सर्व हकीकत मात्र सांगितली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "चौदा हजार गेले म्हणायचे." आम्ही म्हणालो, "गेले ते आमचेच होते."

दुसऱ्या दिवशी पाठीवर पिशव्या टाकून आम्ही दोघे पुण्याच्या एस.टी.त बसलो. मोताळ्याहून अधूनमधून निरोप येतो. परवा आला तो असा: "आज मायले घाटातून नेलं. गाडी तापली नाही."