उन्हाळे

आमच्या साखरखेर्ड्याला इतिहासात आणखी एक नाव आहे. १७२४ साली निजामुल्मुल्काने येथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. त्या लढाईने निजामाची दक्षिणेतली सत्ता पक्की झाली, पण ते नाव मात्र गावात कोणाच्या तोंडी बसले नाही. दुखण्याच्या नावांचेही असेच असते. लघवीला आग होऊ लागली की आमच्याकडे एकच म्हणायचे, "उन्हाळे लागले." मग ती आग उन्हाने असो की जंतूंनी, उपाय ठरलेला: धन्याचे पाणी, सब्जा आणि गप्प बसणे. वार्षिक अंकात हा कसला विषय, असे म्हणून काही मित्र हसतील. हसोत बापडे! या गप्प बसण्यापायी माझी आत्या जाता जाता राहिली.

सोयाबीनची सोंगणी चालू होती. आत्या रोजाने जात असे. तिने लघवीची आग सांगितली आजीला, कारण ते बायकांतले बोलणे. पाठ धरल्याचे सांगितले बरोबरच्या बायकांना. पण त्यांच्याही पाठी धरलेल्याच होत्या. थंडी वाजून ताप आल्याचे सांगितले माझ्या वडिलांना, कारण दवाखान्याला न्यायचे तर भावानेच. उलटी झाल्याचे तर कोणालाच सांगितले नाही. चार खुणा चार ठिकाणी पडल्या होत्या आणि प्रत्येकाला आपापल्या वाट्याची खूण किरकोळ वाटत होती.

वहिनीच्या बाळाच्या लसीची तारीख सांगायला आशाताई आल्या, तेव्हा आत्या भरदुपारी दोन गोधड्या घेऊन ओसरीवर कुडकुडत होती.

"आत्या, दुखतं कुठं? कमरंत का वर?"

आत्याने हात मागे नेऊन शेवटच्या बरगडीखाली डाव्या अंगाला टेकवला.

"हुडहुडी भरून येतो का ताप?"

"गोधडी पुरंना, बाई."

"लघवीला आग? खाल्लेलं पोटात राह्यतं का?"

आत्याने आधी वडिलांकडे पाहिले. वडील उठून अंगणात गेले, तेव्हा ती बोलली.

"मंग हे नुसते उन्हाळे नाहीत," आशाताई म्हणाल्या. "आजच्या आज न्या."

दवाखान्यात डॉक्टरांनी आत्याच्या पाठीवर बरगडीखाली मुठीने हलकेच ठोकले. उजवीकडे काही नाही. डावीकडे ठोकताच ती कळवळली. लघवी तपासायला गेली, सलाइनमधून औषध सुरू झाले, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढे घरी गोळ्या चालू राहिल्या आणि दोन आठवडे पुरे केल्यावरच थांबल्या.

त्या तीन दिवसांत डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे मला एक चित्र काढून दिले. ते अजून माझ्या वहीत आहे. खाली ओटीपोटात मूत्राशय, वर पाठीशी दोन मूत्रपिंडे, मध्ये वीतभर लांबीच्या दोन नळ्या. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा एक जंतू (थिओडोर एशेरिक यांनी १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला) बहुतेक वेळा या दुखण्याला कारण असतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणून त्याला वर शिरणे सोपे. तो मूत्राशयातच थांबला तर आग होते, सारखे जावेसे वाटते आणि थेंबच येतात, ओटीपोट दुखते, लघवी गढूळ किंवा लालसर होते. पण ताप सहसा नसतो. नळी चढून मूत्रपिंडात गेला की थंडीताप, कुशीमागे एका बाजूला ठणका, मळमळ. कंबर धरली असेल तर वाकताना-उठताना जास्त दुखते. हा ठणका निजले तरी चालूच राहतो. मुतखड्याची कळ लाटेसारखी येते आणि जांघेकडे उतरते. मात्र तिच्यासोबत ताप असेल तर मुळीच थांबायचे नाही. गरोदर बाई आणि मधुमेही यांनी नुसत्या आगीवरही घरी बसू नये. म्हाताऱ्यांना कधी ताप न येता नुसते बरळणे सुरू होते. घरचे म्हणतात, वय झाले!

धन्याच्या पाण्याला मी नावे ठेवणार नाही. पाणी पोटात जाते, ते चांगलेच. पण त्याने जंतू मरत नाहीत.

पाणी मात्र आत्या शेतात पीतच नव्हती. का, ते तिने दवाखान्यातल्या खाटेवरच मला सांगितले. "ज्वारी होती तवा आडोसा होता, पोरी. हे सोयाबीन गुडघ्याएवढं. मालकाचा ट्रॅक्टर बांधावर उभा. बाईनं जावं कुठं?" सकाळी निघताना घोटभर पाणी, आणि मग दिवेलागणीपर्यंत आवरून धरायचे. पीक बदलले त्याचा भाव सगळ्यांनी पाहिला. आडोसा गेल्याचे कोणी मोजले नाही.

यंदा वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला आग होऊ लागली. मी आशाताईंचेच प्रश्न विचारले. ताप नाही, पाठ नाही, उलटी नाही. तरी तिला दवाखान्यात नेले. पाच दिवसांच्या गोळ्यांत ती बरी झाली, आणि चौथ्या दिवशी गोळ्या सोडू लागली म्हणून माझ्या शिव्याही खाल्ल्या.

आत्या पुन्हा कामाला जाऊ लागली आहे. दोन लिटरची बाटली नेते. सोयाबीनमधल्या तुरीच्या दोन तासांना जुने लुगडे बांधून बायकांनी एक आडोसा केला आहे. मालकाला ते विचारलेले नाही.